निंबाच्या फांदीवरचं नेट

आमच्या घरी नेट घ्यायचं ठरलं ते कामिनीमुळे, आणि नेट घेण्याआधी, घेताना आणि घेतल्यावर जे काही झालं ते माझ्यामुळे, असं आमच्या घरातलं एकमत आहे. आमच्या घरात एकमत म्हणजे हिचं मत. ही म्हणजे माझी बायको. मी त्या एकमतात धरलेला नसतो.

कामिनी आमची एकुलती एक मुलगी. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. डिसेंबरात तिचं लग्न झालं आणि आता पहिलीच आखाजी आली होती. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीचा महाराष्ट्र त्या दिवशी सोनं घेतो. जळगावात सोनं बारा महिने घेतात, त्यामुळे त्या दिवसाला आम्हाला दुसरं काम शोधावं लागलं असावं. आम्ही लेकी माहेरी आणतो, निंबाला झोके बांधतो आणि आमरसाच्या वाट्या मोजायच्या बंद करतो. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला लेक आली नाही, तर गल्ली काय म्हणेल ते म्हणो, पण हिच्यासमोर बसून तो आमरस माझ्या घशाखाली उतरला नसता.

होळी झाली आणि कामिनीचा फोन आला. "पप्पा, सुट्टी मिळत नाहीये. पण घरून काम करते म्हटलं तर चांगले पंधरा दिवस येता येईल. फक्त नेट चांगलं पाहिजे. साहेब म्हणाले, मीटिंगमध्ये तुझा चेहरा अडकलेला दिसला तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात हजर व्हायचं."

"नेट ना? परवा बसवतो," मी म्हणालो.

"बसवा, मग स्पीड टेस्ट करून मला फोटो पाठवा. फोटो आला की मी तिकीट काढते."

ही बाजूलाच बसून ऐकत होती. उठून स्वयंपाकघरात गेली आणि आतून पातेलं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. तिने आंबेवाल्याला सांगून ठेवलं होतं, सांजोऱ्यांचा रवा निवडून ठेवला होता, कामिनीच्या खोलीतल्या पलंगाला नवी चादर घातली होती. हे सगळं आता एका फोटोवर अडून बसलं होतं, आणि तो फोटो मी काढायचा होता.

मला त्याची काळजी वाटली नाही, कारण मी एस.टी.च्या चौकशीच्या खिडकीत उभं आयुष्य काढलेला माणूस आहे. धुळे, एरंडोल, पहूर, वरणगाव, कुठलीही गाडी असो, ती कुठल्या फलाटाला लागणार हे भोंग्यावरून माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय जळगावातून कुणी हललेलं नाही. गाडीला उशीर असला की लोक खिडकीशी येऊन भांडत. मी त्यांना शांतपणे सांगत असे, "येईल. बसा." आणि ते बसत. गाडीही येत असे. तेव्हा चौकशी हा माझा प्रांत, असं मी धरून चाललो. चूक तिथेच झाली. मला चौकशीची उत्तरं देता येत होती, चौकशी करता येत नव्हती.

संध्याकाळी ओट्यावर बैठक बसली. आमच्या डाव्या हाताला अभयकुमार राहतो. दाणा बाजारात त्याचा डाळींचा व्यापार आहे, आजोबा राजस्थानातून आले होते. उजव्या हाताला खाजाभाई. ते कूलर बनवतात आणि दुरुस्त करतात, म्हणजे आमच्या गावात मार्च ते जून त्यांना कलेक्टरपेक्षा जास्त सलाम मिळतात.

अभयकुमार म्हणाला, "नाना, माल बघितल्याशिवाय सौदा करायचा नाही. तूरडाळ मी आधी मुठीत घेऊन बघतो. नेट मुठीत येतं का? नाही येत. मग लोकांच्या घरचं बघायचं."

त्याने मला चार घरं फिरवली. मुलगी बघायला गेल्यासारखे आम्ही प्रत्येक ठिकाणी सोफ्याच्या कडेवर बसलो, चहा घेतला आणि कोपऱ्यातल्या डब्याकडे बघून मान डोलावली. ज्याच्याकडे ज्या कंपनीचं होतं तो त्या कंपनीला शिव्या देत होता आणि शेजाऱ्याच्या कंपनीचं कौतुक करत होता. शेजाऱ्याकडे गेलो की हेच उलट्या दिशेने. खुद्द अभयकुमारने घरी एका कंपनीचं आणि दुकानात दुसऱ्या कंपनीचं घेतलं होतं.

"एक बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून," तो म्हणाला.

"मग सोय होते का?"

"नाही, दोन्ही एकाच वेळी बंद पडतात. पण मनाला आधार असतो."

खाजाभाईंचं मत वेगळं होतं. "नाना, तारवालं घेऊच नका. तार आली की तुटणार. हवेतून येतं ते घ्या. हवा को कौन तोडेगा?"

हिने आतून सुचवलं की आपल्या जुन्या फोनची तार अजून आहे, तीच वापरा. मी परसात जाऊन बघितलं. त्या तारेवर गिलक्याचा, म्हणजे घोसाळ्याचा, वेल चढला होता आणि त्याला बोटाएवढी गिलकी लागली होती. तार हलवायची म्हटल्यावर हिनेच हरकत घेतली, आणि तो प्रस्ताव ज्या तोंडातून आला होता त्याच तोंडाने नामंजूर झाला.

तेव्हा हवेतलं नेट घेतलं. एका मोबाइल कंपनीचा माणूस आला. त्याने गच्चीवर लोखंडी दांडा उभा केला आणि त्यावर एक पांढरं डबडं बसवलं. सकाळची वेळ होती. स्पीड टेस्ट केली तर काटा असा काही पळाला की मला आमच्या निमआराम गाडीची आठवण झाली. पण फोटो कसा काढायचा यावर माझं आणि हिचं दुमत झालं. ज्या फोनवर काटा पळतो त्याच फोनने त्याच फोनचा फोटो निघतो, हे मला पटत नव्हतं. मी म्हटलं, जेवण झाल्यावर आरशासमोर धरून काढू. जेवण झालं आणि डबडं बंद पडलं.

एप्रिलात दुपारी जळगावात माणसं काम करत नाहीत, गाढवं काम करत नाहीत, तिथे डबड्याने तरी का करावं? हात लावला तर पोळला. मी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. आधी बराच वेळ एक बाई माझा कॉल त्यांच्यासाठी किती महत्त्वाचा आहे ते सांगत राहिल्या. त्यांचे उच्चार मी व्यवसायबंधूच्या कानाने ऐकले. उच्चार स्वच्छ होते, पण माहिती काहीच नव्हती. मी असं निवेदन केलं असतं तर प्रवाशांनी खिडकी फोडली असती. मग दुसऱ्या बाई आल्या.

"सर, उपकरण थंड जागी ठेवा."

"बाई, या दिवसांत जळगावात थंड जागा मला स्वतःला मिळालेली नाही."

"समजू शकते, सर. आणखी काही मदत करू का?"

हे खाजाभाईंना सांगितलं तर त्यांनी पान बाजूला थुंकलं आणि म्हणाले, "थंडी का काम है? वो तो अपना काम है." संध्याकाळपर्यंत त्यांनी पत्र्याचा एक एवढुसा कूलर तयार केला. बाहुलीच्या संसारात शोभेल असा, पण त्याला पंखा होता, वाळ्याची ताटी होती, पाणी चढवायला मोटरही होती. गच्चीवर डबड्यासमोर तो लावला आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी नेट चालू राहिलं. गल्लीतले लोक जिने चढून बघून गेले. फोटोही निघाला, कसा ते नौशीनने, म्हणजे खाजाभाईंच्या मुलीने, दोन बटणं दाबून दाखवलं. मी फोटो पाठवला. रात्री कामिनीचा निरोप आला, 'तिकीट काढलं.' हिने त्या रात्री शिरा केला. मला वाटलं, संपलं.

अभयकुमारच्या आई सुगनबाई. आमची आणि त्यांची गच्ची एका कठड्याने जोडलेली आहे. वाळवणाच्या दिवसांत सुगनबाईंचे उडदाचे पापड म्हणजे गल्लीचा अभिमान. तर त्या चार दिवसांत त्यांचे पापड वाळेनात. त्यांनी आधी उडदाला दोष दिला, मग पापडखाराला, मग सुनेला. शेवटी त्या भर दुपारी पदर डोक्यावर घेऊन कारण शोधायला स्वतः वर आल्या, आणि त्यांना कठड्यापलीकडून गार, ओली, वाळ्याच्या वासाची झुळूक लागली.

"नाना!" त्यांचा आवाज मी खाली पंख्याखाली झोपलो होतो तिथवर आला. "अहो, माणसाला मिळेना कूलर आन् तुमी डब्याला लावता? म्हारा सगळा पापड गेला!"

मी वर गेलो तेव्हा खाटांवर पापड ओल्या रुमालांसारखे पडले होते. मी म्हणालो, "सुगनबाई, मुलीसाठी केलं हो." पण दुसऱ्याचे पापड बिघडवणाऱ्याचं आमच्या गल्लीत कुणी ऐकून घेत नाही. कूलर हिनेच उचलून खाली आणला आणि ते डबडं कंपनीला परत गेलं. सुगनबाई आमच्याशी बोलायच्या बंद झाल्या. अभयकुमार मला आता कोपऱ्यावर गाठून बोले. "नाना, माझ्या मनात काही नाही. पण घरासमोर नका हाक मारू."

म्हणजे तिकीट निघालं होतं आणि नेट गेलं होतं. आता तारेशिवाय इलाज नव्हता.

तार प्रेमराजकडे होती. प्रेमराज आमच्या भागाचा केबलवाला. टीव्हीची केबल, एका मोठ्या कंपनीचं नेट आणि लग्नात लावायचा मोठा पडदा अशी तिन्ही खाती त्याच्याकडे. त्याने कोपऱ्यावरचा खांब बघितला, आमचं घर बघितलं आणि म्हणाला, "सोपं आहे, नाना. शेटच्या गच्चीवरून सरळ घेतो."

शेट म्हणजे अभयकुमार. पण गच्ची सुगनबाईंची होती. त्यांनी प्रेमराजला निरोप दिला, "आधी ओली हवा पाठवली, आता तार पाठवता? त्यांना सांग, तार त्यांच्या कूलरवर गुंडाळा." हा निरोप प्रेमराजने माझ्यापर्यंत शब्दन्‌शब्द पोचवला. अशा बाबतीत त्याची सेवा चोख आहे.

खाजाभाई म्हणाले, माझ्या घरावरून घ्या, पण त्यांचं घर खांबाच्या उलट्या दिशेला. प्रेमराज बराच वेळ मान वर करून उभा राहिला. मग त्याला आमच्या फाटकासमोरचा निंब दिसला. जुना निंब आहे, त्याची एक जाड फांदी गल्लीवर आडवी गेली आहे.

"निंबावरून घेऊ. निंबाला कुणाची परवानगी लागत नाही."

तार फांदीवरून घेतली. ती थोडी कमी पडली, तेव्हा प्रेमराजने तारा सांधायच्या मशिनीवर तिला दुसरी तार सांधली, तो सांधा एका काळ्या डबीत घातला आणि डबी फांदीला सुतळीने बांधली.

"जोड आहे, टिकेल ना?" मी विचारलं.

"नाना, निंब काय हलतो का?"

निंब हलत नाही हे मलाही मान्य होतं. आत खिडकीशी राउटर बसला, त्यावर हिरवा दिवा लागला आणि दोन दिवसांनी कामिनी आली.

तिला रिक्षातून उतरताना बघितलं आणि मला जे काही झालं ते मी इथे लिहीत नाही. हिने तर भाकरतुकडा ओवाळायच्या आधीच तिला मिठी मारली आणि मग आठवण झाल्यावर पुन्हा बाहेर उभं करून ओवाळलं. कामिनी सकाळपासून पुढच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसे. ही तिच्यामागून जायला नको म्हणून मी दारात खुर्ची टाकून बसत असे. तरी एकदा ही खाली वाकून, कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून जवळजवळ रांगत, ताकाचा पेला घेऊन गेली आणि पडद्यावर ही न दिसता फक्त एक हात आणि पेला वर आला. साहेब हसले म्हणे. सगळं छान चाललं होतं.

मग अक्का आली. अक्का म्हणजे बेबाबाई, माझी थोरली बहीण, धुळ्याकडच्या खेड्यातली, बोलणं अस्सल अहिराणी, त्यात 'शे' म्हणजे 'आहे' आणि 'उनी' म्हणजे 'आली'. येताना पिशवीत लाडू आणि खांद्यावर जाडजूड दोर. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "योगराज, झोका कोठे शे?"

"बांधायचाय, अक्का."

"आखाजी उनी, पोर उनी, आन् झोका नही? पोरले झोका नही ते माहेर कसानं?" तिने निंबाखाली जाऊन फांद्या बघितल्या आणि त्या आडव्या फांदीवर बोट ठेवलं. "हाई फांदी जबर शे."

मी शिडी लावली आणि माझ्या हाताने झोका बांधला. काळी डबी माझ्या नाकासमोर होती. दोर तिला लागू नये म्हणून मी तो चांगला वीतभर बाजूला घेतला, आणि आपल्या काळजीपूर्वक स्वभावाचं मला खाली उतरेपर्यंत कौतुक वाटत होतं.

त्याच दिवशी लाल दिवा लागला. सकाळी उन्हं तापायच्या आत आणि पुन्हा संध्याकाळी, नेमका कामिनीच्या मीटिंगच्या वेळेला नेट जायचं. साहेबांना तिचा चेहरा तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले असा अडकलेला दिसे. प्रेमराजला फोन केला. तो म्हणाला, "तक्रार वर कंपनीकडे करा. तक्रार वरून आली की मी खालून येतो." वर केली. पुन्हा तशाच महत्त्वाच्या कॉलवाल्या बाई, पुन्हा राउटर बंद करून चालू करा. मी विचारलं, माणूस कधी येईल?

"येईल, सर," पलीकडची मुलगी म्हणाली.

मला जो राग आला तो सांगता येत नाही. 'येईल' हा माझा शब्द. मी तो वापरायचो तेव्हा गाडी निदान पारोळ्यापर्यंत तरी आलेली असायची.

प्रेमराज शेवटी आला तो दुपारी. बाहेर चिटपाखरू नव्हतं. राउटरवर हिरवागार दिवा. "नाना, नेट तर चालू आहे," तो म्हणाला आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मी एकटेपणामुळे तक्रारी करतो असं त्याला वाटलं असावं.

आखाजी परवावर आली. संध्याकाळी कामिनी फोन ठेवून माझ्याजवळ येऊन बसली. "पप्पा, उद्या सकाळी परदेशातल्या लोकांसमोर मला सगळं काम समजावून सांगायचंय. साहेब म्हणाले, उद्या जर असं झालं तर रात्रीच्या गाडीने परत ये." ती आत गेली आणि बॅगेत कपडे ठेवायला लागली. ही दारात उभी होती.

मी उठून राउटरसमोर स्टूल टाकून बसलो. म्हटलं, जाऊ दे सगळ्या कंपन्या. गाडी का येत नाही हे कळायचं असेल तर रस्त्याकडे बघत बसावं लागतं. बाहेर झोक्याची वेळ झाली होती. अक्का, नौशीन, आजीची नजर चुकवून आलेली अभयकुमारची प्रियल, गल्लीतल्या आणखी चार-दोन माहेरवाशिणी आणि गाणी. दिवा लाल झाला. मला राहवलं नाही, मी खिडकीतून ओरडलो, "लाल!" थोड्या वेळाने हिरवा झाला. "हिरवा!" मग पुन्हा लाल.

"योगराज, तू कसाले वरडी ऱ्हायना रे?" अक्का झोक्यावरून ओरडली. "आम्हले गाना म्हनू दे!"

"लाल!" मी म्हणालो.

तेव्हा वरून आवाज आला. कित्येक दिवसांनी आला होता, म्हणून मी आधी ओळखलाच नाही.

"नाना! अहो, तुमचा तो काळा डबा नाचतो झाडावर!" सुगनबाई कठड्याला टेकून खाली बघत होत्या. "झोका आला की नाचतो, झोका थांबला की थांबतो. मी केव्हाची बघते."

मी बाहेर धावलो. अक्काने एक झोका घेतला आणि फांदी एवढीशी, अगदी एवढीशी वाकली. तेवढ्याने तार ताणली जात होती आणि डबीतला सांधा हलत होता. निंब हलत नाही, हे प्रेमराजचं म्हणणं बरोबरच होतं. निंब हलत नव्हता, अक्का हलत होती.

पुढचा बराच वेळ गल्लीने त्याची खात्री करून घेतली. मी खिडकीत बसून निवेदन करायचो आणि बाहेर बायका त्यावर झोका थांबवायच्या, पुन्हा चालू करायच्या. खरं तर खात्री पहिल्या दोन झोक्यांतच झाली होती. पण खूप वर्षांनी माझ्या आवाजावर माणसं थांबत होती आणि हलत होती, तेव्हा मीही घाई केली नाही.

सुगनबाई खाली आल्या. हिच्यासमोर उभ्या राहिल्या. "पोर पहिल्या आखाजीला आली आहे. पापड काय, पुन्हा लाटू. तार आमच्या गच्चीवरून न्या." हिच्या डोळ्यांत पाणी आलं. हिने त्यांचा हात धरून त्यांना आत बसवलं.

पण प्रेमराज शिरपूरला होता, आखाजीच्या लग्नांत मोठे पडदे लावत. "नाना, परवानंतर," तो म्हणाला. मागे बँड वाजत होता.

मी भीतभीत म्हटलं, "अक्का, सकाळपुरता झोका सोडू या का?"

अक्काने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा सहावीत गेलो. "आखाजीना पहिले झोका सोडतस का कोनी? बठ्ठ्या पोरी येतीन सकाय. त्यास्ले काय सांगू?"

बांधलेला झोका रिकामा ठेवणंही शक्य नव्हतं. गल्लीत येणाराजाणारा प्रत्येक जण एक झोका घेतोच, अभयकुमारसुद्धा घेतो.

कामिनी बॅगेजवळून उठून आली. "सोडू नका. झोक्यावर मीच बसते. लॅपटॉप घेऊन. मी बसले म्हणजे दुसरं कुणी बसणार नाही, आणि मी हलणार नाही."

तसंच ठरलं.

सकाळी हिने झोक्याच्या फळीवर गोधडी घातली. कामिनी नवी साडी नेसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन निंबाच्या सावलीत बसली. अक्का एका बाजूचा दोर धरून, ही दुसऱ्या बाजूचा धरून उभी. झोक्यासाठी आलेल्या पोरी भिंतीला पाठ लावून एका ओळीत. खाजाभाईंनी पत्रा ठोकायचं थांबवलं, आणि एप्रिलात ते थांबले हे मी पहिल्यांदा बघितलं. भाजीवाला गल्लीच्या तोंडाशी आला आणि हाक द्यायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात वरून सुगनबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. तो तसाच, उघड्या तोंडाने, गाडी ढकलत मागे गेला. मी आत राउटरसमोर बसलो होतो. दिवा हिरवा होता. मी काही बोललो नाही.

खिडकीतून कामिनीचा आवाज येत होता. ती इंग्रजीत सांगत होती, त्यातलं मला फारसं काही कळलं नाही. पण आवाज ओळखीचा वाटला. एक शब्द दुसऱ्यात मिसळत नव्हता, घाई नव्हती, आणि फलाटाच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसालाही ऐकू जाईल असा होता. हा आवाज तिने कुठून घेतला ते मला कळलं. क्षणभर मला दिवा हिरवा आहे की लाल तेही दिसेना.

शेवटी परदेशातल्या एका बाईंनी तिला काहीतरी विचारलं. कामिनी हसली आणि तिने लॅपटॉप फिरवला. ओळीने उभ्या पोरींनी, अक्काने आणि वरून सुगनबाईंनी हात हलवले. मग साहेब बोलले. ते मात्र मराठीत बोलले, म्हणून मला कळलं.

"कामिनी, उद्या सण आहे ना? उद्या लॉगिन करू नकोस."

तिने लॅपटॉप मिटला आणि आईच्या हातात दिला. "आई, धर. अक्का, दे."

अक्काने असा झोका दिला की कामिनीची साडी निंबाच्या पानांना लागली. पोरी एकदम गाऊ लागल्या. खाजाभाईंचा पत्रा पुन्हा वाजायला लागला. ही लॅपटॉप छातीशी धरून लहान मुलीसारखी हसत होती. राउटरवर लाल दिवा लागला. मी आयुष्यात कुठल्याही लाल दिव्याकडे इतक्या समाधानाने बघितलेलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

"सर, आपल्या तक्रारीबद्दल कंपनीतून बोलतेय. आपलं कनेक्शन आम्हाला आत्ता बंद दिसतंय."

"बरोबर आहे. बंदच आहे."

"माणूस पाठवू का, सर?"

"नको, बाई."

"मग नेट कधी चालू होईल, सर? मला इथे नोंद करावी लागते."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. कामिनी वर गेली होती, खाली यायला तिला अजून बराच वेळ होता. मी घसा साफ केला.

"येईल," मी म्हणालो. "बसा."